वादळात पडलेला आंबा की वखारीतला साग? : जवळपासचं लाकूड निवडताना

निशिगंध
नमस्कार मंडळी. सहा माणसांचं जेवणाचं टेबल आणि पुस्तकांची दोन कपाटं करून घ्यायची आहेत. एकदाच करायचं, पण लेकीलाही पुरावं असं. लाकडासाठी लांबचं एखादं जुनं जंगल तुटलेलं नको, हे मनाशी पक्कं आहे. वखारीत चौकशी केली तर सगळीकडे एकच उत्तर, "ताई, बाहेरचा साग घ्या." बाहेरचा म्हणजे कुठला? तिथे नव्याने लागवड होते का? कोणालाच सांगता आलं नाही.

अशात अलीकडच्या वादळात आमच्या मागच्या वाडीतला मोठा आंबा उन्मळून पडला. मालक म्हणतात, सरपणाला देऊन टाकू. बुंधा मिठीत मावत नाही एवढा आहे. कालपासून तो डोळ्यांपुढून हलत नाहीये. आंब्याचं टेबल टिकतं का? आणि टिकाऊ, जवळपासचं, शिवाय जंगलाला न ओरबाडता मिळालेलं लाकूड निवडायचं तर सुरुवात कुठून करायची?

पानगळ
आंबा नको! आमच्या आंब्याच्या कपाटाखाली रोज सकाळी पिवळसर पिठाची रांगोळी पडायची. फळीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. तीन वर्षांत कडा हाताने चुरता यायला लागल्या. शेवटी पूर्ण कपाट काढून टाकावं लागलं.

सुतारपुत्र
पानगळ, तुमच्या कपाटाचं वाईट वाटलं, पण दोष आंब्याचा नाही, घाईचा आहे. ते पीठ भुंगेऱ्याच्या अळ्या पाडतात. लाकडातल्या पिष्टावर त्या जगतात आणि झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात पिष्ट भरपूर असतं. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल आणि कीड रोखणारी द्रव्यं असतात, आंब्यात तशी नसतात. म्हणून आंब्याला ती बाहेरून द्यावी लागतात.

निशिगंधताई, झाड पडून किती दिवस झाले? आंब्याच्या बाबतीत सगळा खेळ इथेच आहे. साग वर्षभर पडून राहिला तरी गाभा शाबूत राहतो. आंब्याचा ओला ओंडका पावसात चार-सहा आठवडे पडला की बुरशी आत शिरते, काळे-निळे पट्टे येतात आणि मागोमाग भुंगा. आधी मालकांकडून आणि तिथल्या नियमांप्रमाणे लागेल ती परवानगी लेखी घ्या. मग लगेच ओंडके करा, तोंडांना मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा आणि होईल तितक्या लवकर फळ्या पाडून घ्या.

निशिगंध
सुतारपुत्र, अकरा दिवस झालेत! तोंडांना रंग कशासाठी?

सुतारपुत्र
लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. कापलेल्या तोंडातून पाणी जितक्या झपाट्याने जातं तितकं बाजूने जात नाही. तोंड आधी सुकतं, आकसतं, आतला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि मग तोंडापासून वीतभर चीर आत जाते. रंगाने ती घाई थांबते. वडील तर झाड कापल्या कापल्या संध्याकाळच्या आत तोंडं रंगवायचे. रंग नसला तर शेण आणि माती.

फळ्या पाडताना आरेवाल्याला सांगा, अगदी मधला गाभारा, म्हणजे खोडाचा पहिला कोवळा दोरा, कुठल्याही फळीत ठेवू नकोस. ज्या फळीत तो राहतो ती हमखास तडकते. ओल्या फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची आंघोळ घाला आणि दोन-तीन आठवडे प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा. फळी ओली असतानाच हे औषध आतपर्यंत झिरपतं. सुकल्यावर वरवर लावलं तर कातडीवरच राहतं. एक मर्यादा लक्षात ठेवा, हे औषध पाण्याने धुपून जातं. घरातल्या टेबलाला चालेल, अंगणातल्या बाकाला नाही.

आडवाट
वा, हे वाचूनच लाकडाचा वास आला.

हिशेबी
जरा वेगळं मांडतो. "जवळचं" आणि "शाश्वत" हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतोय, ते दोन आहेत. शेजारच्या डोंगरावरून चोरून तोडलेलं दोनशे वर्षांचं झाड अगदी जवळचं असतं, पण ते घेणं लांबून नीट लागवडीचं लाकूड आणण्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय अंतराचा हिशेब दिसतो तसा सरळ नाही. एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाला ट्रकच्या मानाने फारच थोडं इंधन लागतं. फळ्या भट्टीत सुकवायच्या असतील तर सगळ्या प्रक्रियेतली मोठी ऊर्जा तिथेच जाते.

माझे प्रश्न या क्रमाने असतात. झाड कुठल्या जमिनीवर वाढलं, तिथे दुसरं उगवतंय का, तोडण्याचे कागद आहेत का, आणि मग किती लांबून आलं.

केतकीबन
हिशेबी, कागदाचं पटलं, पण जवळच्या लाकडाची एक गोष्ट तुमच्या टनात बसत नाही. ती म्हणजे बघायला जाता येणं. बंदरावर उतरलेल्या ओंडक्याचं बूड कुठे होतं ते मला कोण दाखवणार? माझी पुस्तकांची मांडणी फणसाची आहे. ते झाड ज्यांच्या बांधावर होतं त्यांच्याकडे मी स्वतः गेले होते. फांद्या वाळल्या होत्या, बुंध्यात एका बाजूला पोकळी होती. त्यांनी तिथेच दोन रोपं लावलेली दाखवली. इतकी खात्री कुठल्या शिक्क्याने मिळेल?

आणि फणसाबद्दल: ताजी फळी हळदीसारखी पिवळीधमक असते. उजेडात राहिली की दोन-तीन वर्षांत मधासारखी आणि पुढे तपकिरी होते. माझ्या मांडणीवर एक जाड शब्दकोश बरेच महिने हलला नव्हता, उचलला तर खाली पिवळा चौकोन तसाच. वीणा आणि मृदंगम यांची खोडं फणसाची करतात, एवढं ते लाकूड ताल धरणारं आणि न पिळवटणारं आहे.

दूरदेशी
केतकीबन, पिवळा चौकोन फार आवडला. :)

मी जिथे राहते तिथे ॲशची झाडं शेकड्याने मरताहेत. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगा मूळचा पूर्व आशियातला, अमेरिकेत 2002 मध्ये मिशिगनला सापडला. बहुधा सामानाच्या लाकडी पेट्यांमधून आला असावा. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाडाचा रस वर जायची वाट बंद होते. आत लाकूड मात्र ठणठणीत राहतं. रस्त्याकडेची अशी मेलेली झाडं पूर्वी सरळ भुशात जायची, आता काही छोट्या गिरण्या त्यांच्या फळ्या पाडतात. आमचं टेबल तशाच ॲशचं आहे. सालीजवळच्या एका कडेवर ती नागमोडी नक्षी आम्ही मुद्दाम ठेवलीय.

यातून शिकलेली एक गोष्ट: जवळचं लाकूड वापरायला हे फार मोठं कारण आहे. सालीसकट ओंडके इकडून तिकडे गेले की किडे पण जातात.

चाकोरीबाहेर
दूरदेशी यांच्या पेट्यांवरून आठवलं. मालवाहू पॅलेटच्या फळ्यांचं फर्निचर करणाऱ्यांनी आधी त्यावरचा शिक्का वाचावा. देशांमध्ये फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवलेलं. ते घरात आणायला हरकत नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते सोडून द्या. शिक्का एचटी असला तरी त्यावर काय सांडलंय ते बघा. तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर नकोच.

खारुताई
मी तर वखारीत शिरल्या शिरल्या फळी नाकाशी धरते. दुकानदार आता "आल्या वासवाल्या बाई" म्हणूनच हाक मारतात.

हिशेबी
खारुताई, नाक खरंच उपयोगी आहे. नवं सागाचं लाकूड रंध्याखाली जुन्या चामड्यासारखं वास देतं आणि हाताला किंचित तेलकट लागतं.

सुतारपुत्र
सागावर येतो, कारण धाग्यात तो उगाच खलनायक होतोय. साग मुळातच भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा. नैसर्गिक जंगलातला मोठा साग इतका तोडला गेला की थायलंडने 1989 मध्ये जंगलतोडीवरच बंदी घातली आणि म्यानमारने 2014 मध्ये कच्चे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं. मात्र साग लावून वाढवण्याची परंपराही जुनी आहे. केरळातल्या नीलांबूरला 1840 च्या दशकात लावलेल्या बागेतली झाडं आजही उभी आहेत. आज बाजारातला बराच साग आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीतून येतो. तो वाईट असतो असं नाही, पण कोवळा असतो. पंधरा-वीस वर्षांच्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी. टिकाऊपणा सगळा गाभ्यात असतो, पांढऱ्या पट्ट्याला भुंगा आंब्याइतकाच आवडीने लागतो. वर गडद पॉलिश मारलं की गिऱ्हाईकाला फरक कळत नाही. म्हणून फळी पॉलिशआधी बघायची, चारी कडांनी.

पानगळ
म्हणजे माझं कपाट सागाचं असतं तरी...?

सुतारपुत्र
पांढरा भाग असता तर हो, तेच झालं असतं.

उंबरठा
शिसवीबद्दल कोणीच बोललं नाही. आजीची शिसवी पेटी आमच्याकडे आहे, तशीच मांडणी करून घ्यायचा विचार होता.

हिशेबी
उंबरठा, शिसव जपूनच. तिच्या अख्ख्या डॅल्बर्जिया कुळाची 2016 मध्ये धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात नोंद करायचं ठरलं आणि 2 जानेवारी 2017 पासून ते लागू झालं. म्हणजे सीमेपार व्यापाराला परवाना लागतो. ब्राझीलची शिसव तर 1992 पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तिचा व्यापार जवळजवळ बंदच. ही झाडं सावकाश वाढतात आणि मागणी प्रचंड. पेटी आहे तीच पुसून, तेल लावून वापरा. तेवढ्या जाडीची शिसव आता नव्याने कशाला तोडायची?

जुनेजाणते
मंडळी, तुम्ही नव्या लाकडाभोवतीच फिरताय. मी सत्तरीत आहे, माझं म्हणणं असं की सर्वांत जवळचं लाकूड आधीच घरात असतं. आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा तुळया आणि दारांच्या चौकटी निघाल्या. ठेकेदार भंगारात न्यायला बसला होता. मी अडून बसलो. साठ-सत्तर वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड, त्याला आता काय पीळ पडणार? वरची करडी साल रंध्याने काढली तर आतून लालसर, घट्ट रेघांचं लाकूड निघालं. त्यातून एक मोठं कपाट, दोन बाकं आणि नातवाचं अभ्यासाचं टेबल झालं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जुन्या तुळईत मोडलेले खिळे लपलेले असतात. आमच्या सुताराच्या रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी गेलं, तो फार हळहळला. मग आम्ही छोटा धातुशोधक आणून इंच इंच तपासला. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका, ती धूळ पोरांच्या पोटात जाते.

निशिगंध
काका, हे फार कामाचं सांगितलंत. आमच्याही माळ्यावर जुन्या दारांच्या चौकटी आहेत, डोक्यातच आलं नव्हतं.

आडवाट
पण सगळ्यांनाच आंबा पडून मिळत नाही ना. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने काय करायचं? प्लायवूड जवळच्या कारखान्यातलं घेतलं तर ते जवळचं लाकूड धरायचं का?

चाकोरीबाहेर
आडवाट, प्लायचे आतले थर आणि वरचा पापुद्रा वेगवेगळ्या झाडांचे असू शकतात. कारखाना गल्लीत असला तरी वरचा थर आफ्रिकेतल्या ओकुमेचा निघू शकतो. त्या झाडासाठी प्रसिद्ध असलेल्या गॅबॉनने 2010 मध्येच कच्चे ओंडके निर्यात करणं बंद केलं, आता तिथून सोललेला पापुद्रा येतो. दुकानदाराला विचारायचं, वरचा थर कशाचा, आतला कशाचा, आणि डिंक कुठला. डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, म्हणून निदान ई-1 दर्जाचं, म्हणजे तो कमी सोडणारं, घ्यावं. कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते त्याचंच.

केतकीबन
फ्लॅटवाल्यांसाठी रबरवूड सुचवेन. चीक मिळावा म्हणून लावलेली झाडं, पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की तोडून नवी लावतात. पूर्वी ती सरळ भट्टीत जायची. फर्निचरसाठी वेगळं झाड तोडावं लागत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पिष्ट त्यातही भरपूर असतं, म्हणून दाबाखाली औषध भरलेलंच घ्यायचं आणि पाण्यापासून लांब ठेवायचं.

आडवाट
आणि शिक्के? एफएससी लिहिलं की निर्धास्त व्हायचं का?

हिशेबी
निर्धास्त नाही, पण हातात एक धागा येतो. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, नीट सांभाळलेल्या जंगलातल्या लाकडाला शिक्का देणारी संस्था, 1993 ची. शिक्क्यावर तीन प्रकार असतात. शंभर टक्के म्हणजे सगळं प्रमाणित जंगलातलं, रिसायकल्ड म्हणजे पुनर्वापराचं, आणि मिक्स म्हणजे मिसळ. मिक्समध्ये काही लाकूड फक्त किमान अटींवर तपासलेलं असू शकतं. शिक्क्याखाली इंग्रजी सी आणि सहा आकडे असतात. तो क्रमांक संस्थेच्या यादीत टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. मला एकदा एका फर्निचरवाल्याने दिलेला क्रमांक कागदाच्या कारखान्याचा निघाला. मी ती ऑर्डर रद्द केली.

हेही खरं की छोट्या शेतकऱ्याला बांधावरच्या चार झाडांसाठी असं प्रमाणपत्र झेपत नाही. तिथे केतकीबन म्हणतात तसं जाऊन बघणंच बरं. माझं आधीचं म्हणणं तेवढं दुरुस्त करतो.

दूरदेशी
बांबू?

सुतारपुत्र
बांबू गवत आहे, तीन ते पाच वर्षांत पक्का होतो आणि कापल्यावर त्याच बेटातून पुन्हा फुटतो. खुर्च्या, मांडण्या, पडदे यांना उत्तम. त्याच्या चिकटवलेल्या फळ्यांत मात्र डिंक किती आणि कुठला हे परत विचारायचंच.

खारुताई
एक शंका. मोठं टेबल पावसाळ्यात फुगतं म्हणतात, त्याचं काय?

सुतारपुत्र
खारुताई, फुगणारच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. तीन फूट रुंद माथा उन्हाळा ते पावसाळा चार-सहा मिलिमीटर सहज कमी-जास्त होतो. तो खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळला की मधोमध फाटतो. म्हणून चौकटीला आतून खाच ठेवून लाकडी गुटके लावतात. माथा त्यांच्यावर पकडलेला राहतो आणि सरकतोही. सुताराला कामाआधी हे विचारा. ज्याच्या चेहऱ्यावर "बरोबर ओळखलंत" असं उमटतं, त्याला काम द्या.

पानगळ
सुतारपुत्र, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

(चौदा महिन्यांनी)

निशिगंध
धागा वर काढते आहे. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, खरं तर वाट बघत होते.

मालकांनी आंबा दिला. तेराव्या दिवशी फळ्या पाडल्या. सुतारपुत्र यांनी सांगितलं तसं तोंडं रंगवली, बोरॅक्सची आंघोळ झाली, आणि मग मागच्या पडवीत थप्पी लावली. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये इंचाच्या पट्ट्या, वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि माथ्यावर दगड. एक इंच जाड, दहा इंच रुंद, पावणेसहा फूट लांब अशी एक फळी मी खूण करून बाजूला ठेवली आणि दर महिन्याला वजनकाट्यावर घेतली. पहिल्या दिवशी 11 किलो 400 ग्रॅम. चौथ्या महिन्यात 8 किलो 900. पावसाळ्यात एक महिना वजन कमी व्हायच्या ऐवजी शंभर ग्रॅम वाढलं, तेव्हा फार घाबरले होते. आता गेले दोन महिने 7 किलो 100 वर थांबलंय.

गाभ्याजवळची एक फळी पिळवटून गेली, दुसरीला चीर पडली. बाकी अकरा सरळ आहेत. तीन फळ्यांमध्ये राखाडी पट्टे उतरलेत, धुक्यातल्या डोंगरांच्या ओळीसारखे. सुतारकाका म्हणतात, त्या मधोमध घेऊ. भोक एकही नाही, पीठ नाही, मी रोज खाली हात फिरवून बघते.

कपाटं माळ्यावरच्या चौकटींची होणार. जुनेजाणते काका, खिळे चौसष्ट निघाले.

सुतारपुत्र
जीव सुखावला. 7 किलो 100 वर थांबलंय म्हणजे पडवीच्या हवेशी लाकडाचं जमलं. पण पडवी आणि खोली सारखी नसते. एक छोटा तुकडा कापून अचूक काट्यावर वजन करा, मग ओव्हनमध्ये शंभर-एकशेतीन अंशांवर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ओल्या वजनातून सुकं वजा करा आणि सुक्याने भागा. 228 ग्रॅमचे 200 झाले तर ओल 14 टक्के. फर्निचरला 8 ते 12 बरी. जास्त निघाली तर फळ्या जिथे टेबल ठेवणार त्याच खोलीत महिनाभर उभ्या करून ठेवा, मग रंधा लावा.

निशिगंध
आत्ताच केलं. 171 चे 151. साधारण सव्वातेरा टक्के. उद्या सकाळी फळ्या आत आणतो, लेक म्हणतेय तिच्या खोलीत उभ्या करू.

जुनेजाणते
चौसष्ट! आमचे एकतीसच होते. भिंतीला टेकवताना फळ्यांखाली दोन पट्ट्या ठेवा ताई, फरशीची ओल लागायला नको.